फाशीचा नकाशा

यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात राजूर नावाचे गाव आहे. कोळसा आणि चुनखडी या दोन गोष्टींसाठी ते आमच्या भागात ओळखले जाते. गावाच्या पूर्वेला काही कोसांवर वर्धा नदी आहे, दक्षिणेला पैनगंगा. आणि या दोन्ही नद्या वणी तालुक्याच्याच टोकाला एकमेकींना मिळतात. आज वर्धा ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो, पैनगंगा ओलांडली की तेलंगणातील आदिलाबाद. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मात्र या नद्या राज्यांच्या सीमा होत्या. वर्धेपलीकडचा चांदा नागपूरकर भोसल्यांचा होता आणि ते राज्य १८५४ मध्ये खालसा होऊन इंग्रजांकडे गेले. पैनगंगेपलीकडे निजामाचा मुलूख होता. मधला आमचा वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आला, पण कागदोपत्री धनी निजामच राहिला.

२१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिली. आमच्या भागातल्या आदिवासी घरांतून ती आठवण अजून जिवंत आहे. शाळेत ही गोष्ट आपण पराक्रमाची म्हणून शिकतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात आणखी एक साधी गोष्ट दडलेली आहे. कोणाच्या गळ्यात फास पडणार हे पुष्कळदा त्याने काय केले यावरून ठरत नाही. तो नदीच्या कोणत्या काठावर, कोणाच्या अमलाखाली आणि कोणत्या साली सापडला यावरून ठरते.

आम्ही मराठीचे अध्यापक, कायद्याचे नव्हे. तरीही अमेरिकेतील निरनिराळ्या राज्यांत देहान्त शिक्षेचा वापर किती निरनिराळा आहे याविषयी वाचत असताना आम्हाला या दोन नद्या आठवल्या, आणि असा नकाशा आपल्याकडेही काढता येईल का, असा प्रश्न पडला. त्या प्रश्नाचा पाठपुरावा म्हणजे हा लेख.

अमेरिकेचे चित्र आधी थोडक्यात पाहू. तेथे फौजदारी कायदा मुख्यतः राज्यांचा असतो, त्यामुळे खुनाला शिक्षा काय हेही प्रत्येक राज्य आपापले ठरवते. मिशिगनने १८४६ मध्येच देशद्रोहाचा अपवाद वगळता फाशी रद्द करणारा कायदा केला. विस्कॉन्सिनने १८५३ मध्ये तेच केले. म्हणजे चांद्याला शेडमाके फासावर गेले त्या वेळी मिशिगनमध्ये खुन्यालाही फाशी नव्हती. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फर्मन खटल्यात तत्कालीन पद्धतीची फाशी घटनाबाह्य ठरवली. ती शिक्षा इतक्या लहरीपणाने दिली जाते की तिला नियम म्हणता येत नाही, हा त्या निकालातील एक प्रमुख सूर होता. राज्यांनी कायदे सुधारले आणि १९७६ मध्ये न्यायालयाने शिक्षेला पुन्हा वाट करून दिली. तेव्हापासून सोळाशेहून अधिक माणसांना देहान्त शिक्षा देण्यात आली. त्यांतली एकतृतीयांशाहून अधिक एकट्या टेक्सासमध्ये. आज २३ राज्यांत ही शिक्षा कायद्यातच नाही, २७ राज्यांत आहे; आणि या २७ पैकी कॅलिफोर्नियासारख्या राज्यात ती पुस्तकात असूनही २०१९ पासून राज्यपालाच्या आदेशाने अंमलबजावणी थांबलेली आहे. व्हर्जिनिया हे एके काळी सर्वाधिक देहान्त शिक्षा देणाऱ्या राज्यांपैकी एक. तेथे २०२१ मध्ये ही शिक्षा रद्द झाली.

राज्याराज्यांतला फरक एवढ्यावर थांबत नाही. टेक्सासमध्येही सगळीकडे सारखे नाही. ह्यूस्टन शहर ज्या हॅरिस काउंटीत येते, त्या एका काउंटीतून शंभराहून अधिक माणसे मृत्युदंडाला गेली, आणि त्याच राज्यातील कित्येक काउंट्यांनी अर्धशतकात एकालाही पाठवले नाही. कारण फाशीची मागणी करायची की नाही हे तेथला निवडून आलेला सरकारी वकील ठरवतो, आणि असा खटला चालवण्याचा खर्च काउंटीला सोसावा लागतो. यापेक्षाही अस्वस्थ करणारी गोष्ट १९८७ च्या मॅक्लेस्की खटल्यात पुढे आली. जॉर्जिया राज्यातील खटल्यांच्या अभ्यासातून दिसत होते की बळी गोरा असेल तर आरोपीला मृत्युदंड होण्याची शक्यता चौपटीहून अधिक. न्यायालयाने तो अभ्यास खोटा ठरवला नाही. पण या विशिष्ट आरोपीच्या बाबतीत पक्षपात झाला हे त्यातून सिद्ध होत नाही, असे पाच विरुद्ध चार मतांनी म्हटले. मॅक्लेस्कीला १९९१ मध्ये मृत्युदंड देण्यात आला.

असा हा नकाशा. तो दुःखद आहे, पण दिसतो तरी. मिशिगनमध्ये फाशी नाही आणि टेक्सासमध्ये आहे हे शाळकरी मुलालाही सांगता येते, म्हणून त्यावर वाद घालता येतो.

आपल्याकडे वळू. मराठी भाषेत देहदंडाचे शब्द किती आहेत ते पाहावे. सुळी देणे, हत्तीच्या पायी देणे, तोफेच्या तोंडी देणे, कडेलोट करणे, गर्दन मारणे आणि फाशी. रायगडावरचे टकमक टोक आजही पर्यटकांना दाखवले जाते. 'सुळावरची पोळी' असे आपण सहज बोलून जातो, पण त्या शब्दप्रयोगातला सूळ कधी काळी खरा होता. इतके शब्द आहेत याचा अर्थ इतक्या सत्ता आणि इतक्या रीती होत्या. पेशवाईत शिक्षा गुन्ह्याइतकीच गुन्हेगाराच्या जातीवर आणि लिंगावर ठरत असे. ब्राह्मणांना आणि स्त्रियांना सहसा देहान्त शिक्षा होत नसे. ब्राह्मण गुन्हेगार किल्ल्यावर कैदेत पडे. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यावर रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही कथा परंपरेने आपल्याकडे आदराने सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र आपण घाईने उरकतो. प्रायश्चित्त सांगणाऱ्याला पुणे सोडावे लागले. ज्याला सांगितले तो प्रायश्चित्ताविना राहिला.

इंग्रजांनी जातीचा हा भेद कायद्यातून काढला. भारतीय दंडविधान १८६० मध्ये संमत झाले आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आले. त्यात ब्राह्मणाला वेगळे कलम नव्हते. पुण्याच्या चापेकर बंधूंना १८९८ आणि १८९९ मध्ये येरवड्यात, नाशिकच्या अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यात फाशी झाली ती याच कायद्याने. वऱ्हाडातली स्थिती तर आणखी चमत्कारिक होती. आमचा मुलूख कायद्याच्या भाषेत ब्रिटिश हिंदुस्थान नव्हताच. १९०२ मध्ये निजामाने तो कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांना दिला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला, तरी येथे इंग्रजी कायदे लागू होत ते गव्हर्नर जनरलच्या अधिसूचनेने. म्हणजे राजूरच्या माणसाचा राजा निजाम, आणि फाशीचा कायदा मात्र इंग्रजांचा.

पण मराठी मुलखातील सर्वांत मोठा फरक कोकणच्या खालच्या टोकाला होता. पोर्तुगालने राजकीय गुन्ह्यांसाठीची फाशी १८५२ मध्ये आणि साध्या फौजदारी गुन्ह्यांसाठीची १८६७ मध्ये रद्द केली. १८७० मध्ये ही तरतूद वसाहतींनाही लागू झाली. म्हणजे त्या सालापासून गोव्यात खुनाला फाशी उरली नाही. सावंतवाडीकडून तेरेखोल नदी ओलांडून पेडण्यात गेले की त्याच भाषेत बोलणाऱ्या, त्याच देवांना नवस करणाऱ्या माणसासाठी फास नाहीसा होत असे. ज्या गोव्यात १५६० ते १८१२ या काळात मधली काही वर्षे वगळता धर्मन्यायालय चालले आणि माणसे जाळली गेली, त्याच गोव्यात हे घडले, याचे आश्चर्य वाटते.

या आश्चर्यात फार रमू नये, असेही इतिहास बजावतो. फाशी नव्हती म्हणून पोर्तुगीज राज्य दयाळू होते असे नाही. बंड करणाऱ्या राण्यांना सागरापार हद्दपार केले गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या गोळ्यांना कोणत्याही न्यायाधीशाची सही लागली नाही. त्याच वर्षी पकडले गेलेले मोहन रानडे यांना २६ वर्षांची शिक्षा होऊन पोर्तुगालच्या तुरुंगात पाठवण्यात आले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी त्यांची सुटका १९६९ मध्ये झाली. तरीही एक गोष्ट उरतेच. रानडे जिवंत परत आले. २०१९ पर्यंत ते आपल्यात होते. कान्हेरे अठरा-एकोणीस वर्षांचा असताना गेला. शिक्षा कितीही कठोर असली तरी ती मागे घेण्याची शक्यता शिल्लक राहणे आणि ती संपणे यांतले अंतर या दोन नावांत मोजता येते.

गोवा भारतात आला, भारतीय दंडविधान तेथे लागू झाले आणि त्याबरोबर फाशीही परत आली. त्रावणकोरातही असेच घडले होते. त्या संस्थानाने १९४४ मध्ये फाशी रद्द केली होती, आणि संस्थान भारतात विलीन झाल्यावर ती पुन्हा सुरू झाली. एकसंध राष्ट्राच्या एकसंध कायद्याने आपल्याला पुष्कळ काही दिले. पण या दोन ठिकाणी त्याने फासही दिला, याची नोंद आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा नसते. घटना समितीत ३ जून १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, सर्वोच्च न्यायालयाकडे फौजदारी अपिलांचा अधिकार देण्याच्या चर्चेत, फाशीची शिक्षाच रद्द करावी याला आपला पाठिंबा असल्याचे सांगितले होते. अहिंसेला नैतिक आदर्श मानणाऱ्या देशाला तेच शोभेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ते मत घटनेत उतरले नाही.

आता कायदा एक झाला. मग नकाशा पुसला गेला का?

कायद्याची वाटचाल पाहिली तर आधी काळाच्या सीमा दिसतात. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार खुनाच्या खटल्यात फाशी हा नियम होता; न्यायाधीशाला जन्मठेप द्यायची असेल तर त्याने कारण लिहावे लागे. १९५५ च्या दुरुस्तीने ही अट गेली. १ एप्रिल १९७४ पासून नवी संहिता आली आणि नियम उलटा झाला. आता जन्मठेप हा नियम, आणि फाशी द्यायची असेल तर विशेष कारणे लिहायची. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने फाशी घटनात्मक ठरवली, पण ती 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणातच द्यावी आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचीही परिस्थिती पाहावी असे सांगितले. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती भगवती यांचा आक्षेप हाच होता की ही शिक्षा कोणाला होईल ते खंडपीठावर कोण बसले आहे यावर ठरते. २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच हे बरेचसे मान्य केले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यातही फाशी कायम आहे.

म्हणजे आपल्याकडे सीमा आहेतच. फक्त त्या जमिनीवर नाहीत. त्या तारखांमधून, न्यायदालनांमधून आणि वकिलांच्या फीमधून जातात.

२००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका वस्तीवर दरोडा पडला. एकाच कुटुंबातील पाच जणांचा खून झाला, स्त्रियांवर अत्याचार झाला. भटक्या जमातीतील सहा माणसांना पकडण्यात आले. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही फाशी परत आणली. या निकालाला आधार होता १९९० च्या दशकातील रावजी खटल्याचा. शिक्षा ठरवताना गुन्हा पाहावा, गुन्हेगार नव्हे, असे त्या निकालात म्हटले होते. आणि अवघ्या तेरा दिवसांनी, १३ मे २००९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने महाराष्ट्रातल्याच बरियार खटल्यात सांगितले की रावजीचा निकाल बच्चन सिंगच्या विरुद्ध आहे, म्हणून तो चुकीचा आहे. तेरा दिवस! या सहा जणांचे अपील दोन आठवडे उशिरा सुनावणीला आले असते तर काय झाले असते, असा विचार मनातून जात नाही.

पुढची हकीकत आणखी विदारक आहे. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असे २०१२ मध्ये ठरले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेतला आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चार माणसांना ओळखले होते आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता, हे तेव्हा उघड झाले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सोळा वर्षे गेली होती. ज्या कुटुंबाचे पाच जीव गेले त्यांनाही न्याय मिळाला नाही, हेही विसरता येत नाही.

दुसरे प्रकरण पुण्याचे. १९९४ मध्ये तेथे सात जणांचा खून झाला. राजस्थानातून आलेल्या एका आरोपीला १९९८ मध्ये फाशी सुनावली गेली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने शाळेच्या दाखल्यावरून मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षांचा होता. पोलिसांच्या कागदावरचे वय आणि नाव दोन्ही चुकीचे होते. बालन्याय कायद्याप्रमाणे त्याला तीन वर्षांहून अधिक काळ ठेवता आले नसते. तो अठ्ठावीस वर्षांनी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून बाहेर पडला. शाळेचा एक दाखला वेळेवर न्यायालयात दाखल झाला नाही, याची ही किंमत.

या दोन प्रकरणांच्या शेजारी आमच्या विदर्भातले तिसरे प्रकरण ठेवायला हवे, कारण ते न ठेवता लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चार जणांना ठार मारण्यात आले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद दिली आणि जातीय द्वेष हे कारण मानले नाही. त्या दिवशी आमच्या वर्गात बसणारी कितीतरी मुले गप्प होती. फाशीच्या विरोधात बाबासाहेबांचे मत त्यांना ठाऊक होते. आणि तरीही त्यांचा प्रश्न रास्त होता की, सौम्यपणा दाखवायला न्यायालयाला हेच प्रकरण का सापडले? आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आज एवढेच म्हणता येते की, भटक्या जमातीच्या सहा निरपराधांना फाशी आणि खैरलांजीच्या दोषींना कैद, ही दोन्ही टोके एकाच राज्यात, एकाच उच्च न्यायालयाच्या कक्षेत, एकाच कायद्याखाली घडली. खैरलांजीच्या दोषींना फाशी दिली असती तर हे अंतर मिटले नसते. अंतर आहे ते आरोपी आणि बळी कोण आहेत हे पाहून न्याययंत्रणेची नजर बदलते त्यात.

आकडेही हेच सुचवतात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांवर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात अशा ३८५ कैद्यांची नोंद आहे. त्यांतले ७९ उत्तर प्रदेशातील आणि ३६ महाराष्ट्रातील. सुमारे चारांतले तीन आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते, आणि तितकेच मागास जाती-जमातींतील किंवा धार्मिक अल्पसंख्य. खालच्या न्यायालयांनी सुनावलेल्या आणि वरपर्यंत निकाली निघालेल्या फाशींपैकी सुमारे ५ टक्केच टिकतात. ३० टक्क्यांच्या जवळपास माणसे चक्क निर्दोष सुटतात. म्हणजे सत्र न्यायालयाने फाशी सुनावलेल्या दर दहांतली तीन माणसे दोषी ठरवण्यासारखीही नव्हती. मुंबईच्या २००६ च्या उपनगरी गाड्यांतील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी दिली होती. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने सर्व बारा आरोपींना निर्दोष ठरवले. हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून धरू नये असे सर्वोच्च न्यायालयाने त्यानंतर लगेच सांगितले. तथापि सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. त्यांच्यातला एक जण निकालाआधीच, २०२१ मध्ये, कैदेत असताना मरण पावला होता.

प्रत्यक्ष फाशीचा आकडा लहान आहे. २००० ते २०२५ या काळात देशात आठ जणांना फाशी झाली. त्यांतले दोन महाराष्ट्रात: २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात अजमल कसाब आणि ३० जुलै २०१५ रोजी नागपुरात याकूब मेमन. पण त्याआधीचे आकडे सरकारला धडपणे सांगताही येत नाहीत. स्वातंत्र्यानंतर ५२ जणांना फाशी झाली, असा आकडा पुष्कळ वर्षे सांगितला जात होता. विधी आयोगाच्या १९६७ च्या अहवालाच्या परिशिष्टात मात्र १९५३ ते १९६३ या एका दशकातच, आणि तेही सोळा राज्यांत, चौदाशेहून अधिक फाशींची नोंद आहे. ज्या राज्यसंस्थेला जनगणनेत प्रत्येक कुटुंबाची सायकल मोजता आली, तिने स्वतः मारलेली माणसे मोजून ठेवली नाहीत.

आम्हाला अमेरिकेचा नकाशा पाहून जे सुचले ते हेच. तेथील विषमता उघडी आहे. ती कोणीतरी ठरवलेली आहे: मतदारांनी, विधिमंडळाने, काउंटीच्या वकिलाने, म्हणून ज्याने ठरवली त्याला जाब विचारता येतो आणि व्हर्जिनियासारखे राज्य एक दिवस पाऊल मागे घेते. आपली विषमता कोणीच ठरवलेली नाही. कायदा एक आहे, म्हणून न्यायही एकच आहे असे आपण धरून चालतो. आणि फरक कोठे पडतो हे शोधण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. २०१५ मध्ये न्यायमूर्ती अ. प्र. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी अशी शिफारस केली, तिच्या मुळाशीही या लहरीपणाचीच चिंता होती. शिफारस स्वीकारली गेली नाही.

थोडी हालचाल मात्र दिसते. २०२२ मध्ये मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फाशी सुनावण्यापूर्वी आरोपीचे बालपण, घर, मानसिक स्थिती, तुरुंगातील वर्तन यांची माहिती न्यायालयापुढे आलीच पाहिजे. आणि २५ ऑगस्ट २०२५ रोजी, नागपूरजवळ २००८ मध्ये घडलेल्या एका बालिकेच्या हत्येच्या प्रकरणात, ही माहिती न तपासता कायम झालेली फाशी पुन्हा विचारासाठी उघडता येते असा निर्णय दिला. त्या आरोपीचे अपील, पुनर्विचार अर्ज आणि दयेचा अर्ज तोवर फेटाळले गेले होते. गुन्हा अमानुष होता, आणि त्या मुलीच्या आईबापांसमोर हा निर्णय योग्य म्हणून मांडणे आम्हाला जमणार नाही. पण त्याच आठवड्यात फासावर गेलेला माणूस असा लाभ घेऊ शकला नसता, ही गोष्टही तितकीच खरी आहे. नाशिकच्या सहा जणांच्या बाबतीत तेरा दिवसांचे जे महत्त्व होते, तेच येथे वर्षांचे.

राजूरच्या खाणीवर कामाला असलेल्या माणसांची मुले आमच्यासमोर शिकतात. त्यांतल्या कोणाच्या घरी उद्या असा प्रसंग आलाच, तर खटला जिल्ह्यातल्या सत्र न्यायालयात चालेल, फाशी झाली तर ती कायम करण्यासाठी कागद नागपूर खंडपीठाकडे जातील, तेथून दिल्लीला. कलम तेच असेल जे मुंबईच्या माणसाला लागते. वकील तोच नसेल. जन्माचा दाखला कदाचित सापडणार नाही. त्याच्या बालपणाबद्दल न्यायालयाला सांगायला कोणी येईल की नाही, ठाऊक नाही.

आम्ही या मुलांना बाबुराव शेडमाक्यांची गोष्ट दर वर्षी सांगतो. पुढच्या वर्षी तिच्याबरोबर नाशिकच्या त्या सहा जणांची गोष्टही सांगायचे आम्ही ठरवले आहे. ती पाठ्यपुस्तकात नाही.